समुद्रात सोडलेलं पाणी जातं कुठं?

दिल्लीत समुद्र नाही. तरीही रविवारी सकाळी आयएनए मार्केटच्या मासळीच्या गल्लीत गेलं, की चार मराठी चेहरे हमखास भेटतात. कुणी करोलबागेतून आलेलं असतं, कुणी नोएडाहून मेट्रो बदलत. बर्फाखाली निजलेल्या पापलेटाचा कल्ला उचलून बघायचा, बोटानं दाबून बघायचं आणि मग ठरलेला प्रश्न विचारायचा, ‘‘भैया, माल कहाँ का है?’’ उत्तर मुंबईचं किंवा गुजरातचं आलं, की पिशवी उघडते.

आता कल्पना करा, की आदल्या रात्री टीव्हीवर बातमी झळकली आहे. पश्चिम किनाऱ्यावरच्या एखाद्या अणुकेंद्रातून किरणोत्सारी पाणी समुद्रात गेलं. किती गेलं, कुठं गेलं, कुणालाच माहीत नाही. दुसऱ्या दिवशी या गल्लीत काय होईल? पिशव्या बंदच राहतील. दिल्लीच्या गिऱ्हाइकाचं एवढंच होईल, की रविवारी कोंबडी शिजेल. पण सातपाटी, डहाणू, वसई, वर्सोव्यात ज्यांच्या घरची चूल त्या पापलेटावर पेटते, त्यांनी काय करायचं? बोट बाहेर काढायची की नाही? काढली तर उत्तरेला न्यायची की दक्षिणेला? आणि किती दिवस थांबायचं?

या प्रश्नांना उत्तर देणारं एक शास्त्र आहे. समुद्रात सोडलेला किरणोत्सारी पदार्थ भरती-ओहोटी, वारा आणि गाळ यांच्याबरोबर कसा पसरेल, याचं आधीच गणित मांडून ठेवायचं शास्त्र. ते सहसा वर्तमानपत्रात येत नाही. आलं तरी अपघातानंतर येतं.

कोरड्या शहरातला समुद्र

गंमत अशी, की ज्या दिल्लीला समुद्राचा वारा लागत नाही, तिथंच समुद्राचं गणित मांडणारी माणसं अनेक वर्षं बसलेली आहेत. हौज खासच्या आयआयटीत वातावरण विज्ञान केंद्र आहे. एस. के. दुबे, पी. सी. सिन्हा, ए. डी. राव या प्राध्यापकांनी तिथं चक्रीवादळाबरोबर किनाऱ्यावर चढून येणाऱ्या पाण्याची गणिती मॉडेल्स बांधली. बंगालच्या उपसागरात वादळ उठलं, की ओडिशाच्या कुठल्या तालुक्यात किती उंच पाणी येईल, हे सांगायला भारतीय हवामान खात्यानं हीच पद्धत वापरली. शेजारच्या देशांनाही ती दिली गेली.

यमुनेपलीकडे नोएडात राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्र आहे. ‘अरुणिका’ नावाचा महासंगणक २०२४ च्या सप्टेंबरात तिथं सुरू झाला. त्याचं भावंड ‘अर्क’ पुण्यात पाषाणला. समुद्रावरून उद्या, परवा, तेरवा वारा कुठल्या दिशेनं आणि किती वेगानं वाहील, याचे आकडे नोएडातून निघतात. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था असे आकडे घेऊन लाटा आणि प्रवाहांचे अंदाज बांधते. डहाणूच्या कोळ्याच्या मोबाइलवर येणारा ‘समुद्र खवळलेला राहील’ हा निरोप अशा मार्गानं प्रवास करून आलेला असतो.

वादळाचं पाणी काय आणि किरणोत्सारी पाणी काय, वाहून नेणारा समुद्र एकच. फरक पुढे सुरू होतो.

काय सोडतात आणि का सोडतात?

मुंबईच्या उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटरवर तारापूर. भारतातलं पहिलं अणुवीज केंद्र. अमेरिकन जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या बनावटीच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांनी १९६९ मध्ये वीज द्यायला सुरुवात केली. पुढे २००५ आणि २००६ मध्ये ५४० मेगावॉटच्या दोन स्वदेशी अणुभट्ट्या तिथं उभ्या राहिल्या. त्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. तो एक वेगळा, दीर्घ आणि दुःखाचा अध्याय आहे.

अणुवीज केंद्रातून समुद्रात काहीच जात नाही, असं समजणारे लोक आहेत. तिथून राजरोस विष सोडलं जातं, असं समजणारेही आहेत. दोघंही चुकतात. केंद्रात काम करणाऱ्यांचे कपडे धुतले जातात, फरश्या धुतल्या जातात, पंप आणि झडपांतून थेंब थेंब गळतं, गाळण्या बदलल्या जातात. या सगळ्या पाण्यात अत्यल्प किरणोत्सार असतो. ते साठवतात, गाळतात, रसायनं घालून त्यातला किरणोत्सारी भाग खाली बसवतात, उरलेलं मोजतात आणि यंत्रं थंड करून परत जाणाऱ्या समुद्राच्या प्रचंड प्रवाहात मिसळून सोडून देतात. किती सोडायचं, याची मर्यादा अणुऊर्जा नियामक मंडळ ठरवून देतं. हे मंडळ १९८३ मध्ये स्थापन झालं.

मर्यादा ठरवायची पद्धत मोठी पाहण्यासारखी आहे. सामान्य माणसाला वाटतं, की नळाच्या तोंडाशी मोजमाप करून कुणीतरी आकडा ठरवत असेल. प्रत्यक्षात गणित उलटं चालतं. ते ताटापासून सुरू होतं आणि नळापाशी संपतं. केंद्राच्या कामकाजामुळे शेजारच्या माणसाला वर्षाला एक मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त किरणोत्सार मिळता कामा नये, ही वरची रेघ. (निसर्गातूनच, म्हणजे जमीन, आकाश, हवा आणि अन्नातून, जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात.) या माणसाला तो मिळणार कशातून? माशातून. किती मासे खातो तो? माशात किती येईल? पाण्यात किती असेल त्यावर. आणि पाण्यात किती असेल? ते पाणी किती वेगानं पांगतं त्यावर.

म्हणजे साखळीतली पहिली कडीच मुळी समुद्राच्या हालचालीची. ती चुकली, की पुढचं सगळं चुकलं.

तिथी गुणिले पाऊण

कोकणातल्या म्हाताऱ्या तांडेलाला भरतीची वेळ विचारा. तो घड्याळ बघणार नाही, तिथी विचारेल. तिथीला तिनानं गुणायचं, चारानं भागायचं, आलेल्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर तीन वाजता. अष्टमीला सहाला. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. हिशेब ढोबळ आहे, पण मुंबईच्या किनाऱ्यावर बराचसा जुळतो. कारण भरती दर १२ तास २५ मिनिटांनी येते, रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा, आणि तिथीही चंद्राच्याच चालीवर चालते.

संगणकातलं मॉडेल वेगळं काही करत नाही. चंद्राची ओढ, सूर्याची ओढ, चंद्र जवळ असला तर काय, लांब असला तर काय, अशा डझनावारी लहानमोठ्या लयी तो एकत्र करतो. अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राच्या पातळीच्या नोंदी आहेत, त्यांचा या कामी मोठा उपयोग. पण तांडेलाला पाणी किती वाजता चढेल एवढंच हवं असतं. मॉडेलला पाणी कुठून कुठं जातं, हेही सांगावं लागतं.

त्यासाठी नकाशावर चौकटी आखतात, बुद्धिबळाच्या पटासारख्या. एक घर समजा दोनशे मीटरचं. प्रत्येक घरात तळ किती खोल आहे, ते भरतात. मग संगणक दर काही सेकंदांनी हिशेब करतो: शेजारच्या घरातून किती पाणी आलं, किती गेलं, तळाशी किती घासलं, वाऱ्यानं किती ढकललं. असे लाखो हिशेब झाले, की खाडी श्वास घेताना दिसू लागते. मग एका घरात किरणोत्सारी थेंब टाकायचा आणि त्याच्यामागे लागायचं.

थेंबाचं दोन प्रकारांनी चालतं. एक, पाण्याबरोबर वाहणं. दोन, पाण्यातल्या भोवऱ्यांनी विस्कटणं. उभ्या पेल्यात शाईचा थेंब सोडला तर तो रेंगाळतो. चमच्यानं ढवळला, की पांगतो. समुद्रात वाहणं आणि ढवळणं एकाच वेळी सुरू असतं.

वरवर वाटेल, की भरती-ओहोटीच्या किनाऱ्यावर घाण पटकन धुऊन जात असेल. इथंच सगळे फसतात. ओहोटीच्या ऐन भरात प्रवाहाचा वेग सेकंदाला एक मीटर धरला, तर एका ओहोटीत पाण्याचा कण साधारण चौदा किलोमीटर जातो. छान. पण पुढच्या सहा तासांत भरती त्यातला बराचसा भाग तसाच परत आणते. माणूस दिवसभर झोपाळ्यावर बसला, म्हणून गावाला पोहोचत नाही. पुढे सरकणं होतं ते थोडंथोडं, दोन फेऱ्यांतल्या उरलेल्या फरकानं. तारापूरसमोरच्या उघड्या समुद्रात प्रवाह किनाऱ्याला धरून उत्तर-दक्षिण असा झुलतो. उत्तरेला खंभातचं आखात आहे, तिथं भावनगरच्या बाजूला भरतीचं पाणी दहा मीटरांच्या घरात चढतं. एवढी ढवळाढवळ असल्यावर मिसळण छान होते. मुंबईच्या बंदरात मात्र तिन्ही बाजूंनी जमीन आणि एका बाजूला तोंड. झोपाळा तिथं जास्तच जाणवतो.

पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. १९१६ सालापासूनची ही संस्था. संगणक सर्रास वापरात यायच्या आधी तिथल्या अभियंत्यांनी मुंबई बंदराची लहान प्रतिकृती बांधली आणि तिच्यात खोटी भरती-ओहोटी आणून पाणी कसं फिरतं ते पाहिलं. डोंगराच्या पायथ्याशी, समुद्रापासून दूर, छोटी मुंबई आणि छोटी घारापुरी. पुढे संगणकी मॉडेल्सनी ते काम हाती घेतलं, तरी ज्याला खाडी समजून घ्यायची आहे, त्यानं अशी एखादी प्रतिकृती जरूर पाहावी.

मीठ आणि हळद

आतापर्यंत पाण्याचं झालं. पण किरणोत्सारी पदार्थ म्हणजे नुसतं पाणी नव्हे.

स्वयंपाकघरातलंच उदाहरण घ्या. ओट्यावर मिठाचं पाणी सांडलं आणि हळदीचं पाणी सांडलं. फडक्यानं दोन्ही पुसलं आणि फडकं धुतलं. मीठ निघून गेलं, हळद राहिली. समुद्रातही काही पदार्थ मिठाच्या स्वभावाचे असतात, काही हळदीच्या. ट्रिटियम हा तर हायड्रोजनचाच भाऊ. तो पाण्याचाच भाग होऊन पाणी जाईल तिकडे जातो. स्ट्राँशियमही बराचसा विरघळूनच राहतो. सेरियम, प्लुटोनियम पक्के हळदीचे. दिसला गाळाचा कण, की बसले चिकटून. सीझियम-१३७ दोहोंच्या मधला. स्वच्छ खाऱ्या पाण्यात तो मोकळा फिरतो, पण चिकणमातीचे बारीक कण भरपूर असले, की त्यांच्या पदरांत शिरून बसतो. आणि बसला की सहसा उठत नाही. त्याचं अर्धायुष्य तीस वर्षांचं, म्हणजे आज शंभर असेल तर तीस वर्षांनी पन्नास.

मुंबईचं बंदर म्हणजे चिखलच चिखल. शिवडीच्या धक्क्यावर उभं राहून ओहोटीला बघावं, जिथवर नजर जाते तिथवर राखाडी, चकाकता चिखल आणि त्यात चोची खुपसणारे रोहित पक्षी. त्याच खाडीच्या काठाला ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र. ‘अप्सरा’ ही आशियातली पहिल्या अणुभट्ट्यांपैकी एक, ती ४ ऑगस्ट १९५६ रोजी तिथं सुरू झाली. १९६० मध्ये ‘सायरस’ आली आणि १९६४-६५ मध्ये वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं करणारा कारखाना. हा शेवटचा महत्त्वाचा. कारण अणुभट्टीपेक्षा अशा कारखान्याच्या सांडपाण्याची काळजी कितीतरी जास्त.

त्या काळात केंद्राच्या आरोग्य भौतिकी विभागाची धुरा ए. के. गांगुली यांच्याकडे होती. त्यांनी आणि के. सी. पिल्लई यांच्यासारख्या त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच प्रश्न विचारला, की मुंबईच्या समुद्राच्या पाण्यात कुठला किरणोत्सारी पदार्थ किती असलेला चालेल? परदेशी पुस्तकातला आकडा उचलून चाललं असतं, पण परदेशी पुस्तकात बोंबील नव्हता, जवळा नव्हता, तिवरांच्या मुळाशी उड्या मारणारी निवटी नव्हती आणि ते सगळं खाणारा कोळीवाडाही नव्हता. म्हणून त्यांनी इथलं पाणी, इथला चिखल, इथले मासे आणि इथल्या लोकांचं खाणं मोजलं. त्या काळात, तेव्हाच्या यंत्रांनी. भारतातल्या अणुकार्यक्रमाच्या गौरवगाथांत भट्ट्या असतात, स्फोट असतात. चिखलाचे नमुने गोळा करणाऱ्या या माणसांना त्यात एखादी ओळही क्वचित मिळते.

या चिखलाची चाल ओळखायला किरणोत्सारच उपयोगी पडला, हाही योगायोग मजेचा. बंदरातून उपसलेला गाळ कुठं टाकावा, म्हणजे तो पुन्हा बंदरात परतणार नाही, हा मुंबई बंदराचा जुना डोकेदुखीचा प्रश्न. १९५९ मध्ये स्कँडियम-४६ मिसळलेली काचेची बारीक पूड समुद्रात सोडून तिचा माग काढला गेला. पूड गाळासारखीच सरकते आणि तिच्या किरणोत्सारामुळे ती कुठं पोहोचली ते कळतं. स्कँडियमचं अर्धायुष्य अवघं ८४ दिवसांचं, म्हणजे काम झालं की वर्षा-दोन वर्षांत मामला खलास. भारतातला हा अशा प्रकारचा पहिला प्रयोग.

ताटापर्यंतचा रस्ता

गाळाचं एक दुखणं इंग्लंडनं चांगलंच भोगलंय. आयरिश समुद्राच्या काठी विंडस्केल, म्हणजे आताचं सेलाफिल्ड. तिथून १९५० च्या दशकापासून सांडपाणी समुद्रात जात होतं आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यावर त्याचं प्रमाण सर्वांत जास्त होतं. शास्त्रज्ञांनी हिशेब केला, की सर्वाधिक किरणोत्सार कुणाला मिळेल? शेजारच्या गावकऱ्यांना? नाही. उत्तर निघालं दूर दक्षिणेला, वेल्समधल्या स्वान्सी परिसरातल्या लोकांना. कारण? विंडस्केलच्या किनाऱ्यावर एक लालसर समुद्री शेवाळ उगवायचं. ते तोडून रेल्वेनं वेल्सला जायचं आणि तिथं त्याचा शिजवून लगदा करून खायचे. त्या शेवाळाला रुथेनियम धरून ठेवायची सवय. पाण्याचं मॉडेल कितीही अचूक केलं असतं, तरी शेवाळाची ती गोणी त्यात दिसली नसती. ती दिसली माणसांच्या खाण्यापिण्याची चौकशी केल्यावर.

दुसरा धडा उशिरा कळला. सांडपाणी खूप कमी केल्यावरही पाण्यातलं सीझियम अपेक्षेइतकं घटेना. तळाशी वर्षानुवर्षं साठलेला चिखल आता हळूहळू ते परत पाण्यात सोडत होता. जो चिखल शोषून घेणारा मित्र वाटला होता, तोच सावकार निघाला.

भारतात प्रत्येक अणुवीज केंद्राजवळ पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते आणि केंद्र सुरू व्हायच्या आधीच ती कामाला लागते. आधीची स्थिती माहीत नसेल, तर नंतरचा फरक कळणार कसा? तारापूरची प्रयोगशाळा समुद्राचं पाणी, वाळू, गाळ, शेवाळ, शिंपले, मासे, भाजी, दूध असे नमुने वर्षानुवर्षं घेते आहे. सामान्य माणसाला मिळणारा किरणोत्सार मर्यादेच्या पुष्कळ खाली असल्याचं नियामक मंडळ दरवर्षी जाहीर करतं. एक गोष्ट मात्र लोकांना सांगायला हवी. समुद्राच्या प्रत्येक लिटर पाण्यात निसर्गतःच पोटॅशियमचे सुमारे बारा बेक्वेरेल असतात, म्हणजे सेकंदाला बारा अणू फुटतात. मासे, कोळंबी, शिंपले यांत नैसर्गिक पोलोनियम असतं. अणुकेंद्र नसलेल्या गावातल्या कोळ्यालाही ते मिळतंच. ‘किरणोत्सार सापडला’ या वाक्याला म्हणूनच फारसा अर्थ नाही. कुठला, किती आणि आधी किती होता, हे विचारावं लागतं.

अडुसष्ट हजार

रोजच्या सोडण्याचा हिशेब शांतपणे करता येतो. अपघात शांतपणे येत नाही.

११ मार्च २०११. फुकुशिमा. भूकंप, त्सुनामी, वितळलेल्या अणुभट्ट्या आणि त्यांच्यावर ओतलेलं पाणी फटींतून समुद्रात. अपघाताआधी तिथल्या समुद्रात एक हजार लिटरमध्ये सीझियम-१३७ चे एक-दोन बेक्वेरेल होते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात केंद्राच्या तोंडाशी एका लिटरमध्ये अडुसष्ट हजार मोजले गेले. ६ एप्रिलला मुख्य गळती बुजवल्यावर आकडे झपाट्यानं उतरले. तिथला समुद्र जोरकस आहे, कुरोशिओ हा बलाढ्य प्रवाह शेजारून जातो, त्यानं बराचसा भाग पॅसिफिकमध्ये ओढून नेला.

जगभरची मॉडेल्स कामाला लागली. आणि त्यांचं आपसात जमेना. समुद्रात थेट किती सीझियम गेलं, यावरच एकमत नव्हतं. जपानी गटांचे अंदाज साडेतीन-चार पेटाबेक्वेरेलच्या आसपास, तर एका फ्रेंच संस्थेचा सत्तावीस. सातपट फरक! पुढे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं वेगवेगळ्या देशांच्या मॉडेल्सना एकच गणित सोडवायला दिलं. ज्या समुद्रात प्रवाह शांत आणि ठरावीक, तिथं उत्तरं जुळली. जिथं प्रवाह सतत वळणं घेतात, तिथं एकच थेंब एका मॉडेलनं उत्तरेला नेला, दुसऱ्यानं दक्षिणेला. त्यातून निघालेला निष्कर्ष साधा होता. अपघात झाल्यावर मॉडेल शोधत बसू नका. ज्या केंद्रासमोरचा समुद्र आहे, त्याच समुद्रावर, तिथले प्रवाह मोजून, मॉडेल आधीच घोटून ठेवा.

फुकुशिमाच्या कोळ्यांनी मासेमारी थांबवली. २०१२ पासून ती चाचणी म्हणून, मोजक्या जातींची, सुरू झाली. जपाननं माशासाठी किलोला शंभर बेक्वेरेलची कडक मर्यादा घातली आणि तपासलेले मासे त्याच्या खाली आले, तरी गिऱ्हाइकाचा हात अडखळत राहिला. २४ ऑगस्ट २०२३ ला साठवलेलं, शुद्ध केलेलं पण ट्रिटियम शिल्लक असलेलं पाणी एक किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून समुद्रात सोडायला सुरुवात झाली. लिटरमागे दीड हजार बेक्वेरेलपेक्षा कमी इतकं पातळ करून. मॉडेल सांगत होतं, की थोड्याच अंतरावर फरक मोजताही येणार नाही. त्याच दिवशी चीननं जपानच्या सगळ्या मासळीवर बंदी घातली. गणित आणि बाजार यांची अशी फारकत दुसऱ्या कुठल्या मालात क्वचितच दिसते.

आपल्या समुद्राचं वेगळंच

या शास्त्राची पाठ्यपुस्तकं मुख्यतः आयरिश समुद्र, उत्तर समुद्र, बाल्टिक अशा थंड पाण्यांवर लिहिली गेली. गाळाला काय किती चिकटतं, माशात किती उतरतं, याचे जगभर वापरले जाणारे तक्तेही बहुतांशी तिकडच्या नमुन्यांवरचे. आपला किनारा त्या तक्त्यात बसत नाही.

पहिलं कारण म्हणजे पाऊस. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पश्चिम किनाऱ्याजवळचा प्रवाह साधारणपणे उत्तरेकडे वाहतो. जून ते सप्टेंबर तोच दक्षिणेकडे. डिसेंबरात काढलेलं उत्तर जुलैत नेमकं उलट पडू शकतं. पावसाळ्यात खाड्यांतून गोडं पाणी धो धो येतं. ते हलकं, म्हणून खाऱ्या पाण्यावर पसरतं, आणि वरचं पाणी समुद्राकडे निघालेलं असताना खालचं आत शिरत असतं. हिवाळ्यात तळापासून वरपर्यंत पाणी एकजीव असल्यानं सपाट, पटासारखं मॉडेल पुरतं. पावसाळ्यात पटाला मजले चढवावे लागतात. शिवाय लाटा तळाचा गाळ उठवतात. वर्षभर खाली बसलेली हळद पुन्हा पाण्यात.

आणि नेमक्या याच महिन्यांत खवळलेल्या समुद्रामुळे कुणी बोट घेऊन मोजमाप करायला जाऊ शकत नाही. म्हणजे मॉडेलची सर्वाधिक गरज जेव्हा, तेव्हाच ते पडताळून पाहायला आकडे कमीत कमी.

तिवरांचं जंगल हा दुसरा भाग. भरतीचं पाणी मुळांत शिरतं, मंदावतं, गाळ सोडून जातं. हिशेबात तिवरं धरली नाहीत, तर सगळं समुद्रात गेलं असं मॉडेल म्हणेल आणि प्रत्यक्षात काही भाग गावाच्या मागच्या खाजणात बसलेला असेल.

रत्नागिरी जिल्ह्यात माडबनला जैतापूर प्रकल्पाची घोषणा झाली, तेव्हा साखरी नाट्याच्या मच्छीमारांनी विचारलेला प्रश्न या शास्त्राच्या गाभ्यातलाच होता. १,६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या थंड करून परतणारं कोमट पाणी कुठवर पसरेल? मासळी खाडीच्या तोंडाशी येईल का? नोव्हेंबर २०१० मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी पस्तीस अटी घालून प्रकल्पाला मंजुरी दिली. चारच महिन्यांनी फुकुशिमा घडलं, एप्रिल २०११ मध्ये आंदोलनात गोळीबार होऊन एकाचा बळी गेला. प्रकल्प अजूनही कागदावरच आहे. गरम पाण्याच्या फैलावाचा अभ्यास झाला, अहवाल झाले. पण ते इंग्रजीत, आकड्यांच्या जंगलात. ज्याला बोट कुठं न्यायची हे ठरवायचंय, त्याला नकाशावर एक रेघ काढून, मराठीत, जेटीवर उभं राहून कुणी समजावून सांगितलं असतं, तर विरोध मावळला असता असं नाही. पण निदान वाद कशावर आहे, ते तरी सगळ्यांना कळलं असतं. अणुखात्याला गुप्ततेची सवय जुनी आहे आणि तिची किंमत त्या खात्यातल्याच चांगल्या शास्त्रज्ञांना मोजावी लागते. त्यांचा खरा आकडाही लोकांना खोटा वाटतो.

२६ डिसेंबर २००४ ला त्सुनामीचं पाणी कल्पाक्कमच्या पंपघरात शिरलं, अणुभट्टी सुरक्षित बंद झाली. अरबी समुद्रातही १९४५ च्या नोव्हेंबरात मकरानच्या भूकंपाची लाट मुंबईपर्यंत पोहोचली होती. त्यानंतरच्या काळात यंत्रणा खूप सुधारली. हैदराबादहून त्सुनामीचा इशारा मिळतो, अणुखात्याचा आपत्ती व्यवस्थापन गट मुंबईत आहे, दिल्लीत राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २००९ मध्ये अणु-आपत्तींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानंतर वर्षभरानं, एप्रिल २०१० मध्ये, त्याच दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात विद्यापीठानं लिलावात काढलेल्या जुन्या यंत्रातलं कोबाल्ट-६० फुटलं आणि एकाचा जीव गेला. आधी कुणालाच पत्ता नव्हता. समुद्राचं मॉडेल असो की भंगाराची वही, नोंद नसेल तर पुढचं सगळं अंधारात.

नारळी पौर्णिमेनंतर बोटी पुन्हा पाण्यात उतरतात. उधाणाच्या दिवसांत, प्रवाह जोरात असताना, डोल जाळी भरतात. बंदरावर लिलाव सुरू होतो, आणि तारापूरच्या आसपास त्या गिऱ्हाइकांत एक गिऱ्हाईक जरा निराळं असतं. तो भावासाठी फारशी घासाघीस करत नाही, मासा ताजा आहे की नाही यापेक्षा कुठं पकडला, हे जास्त विचारतो आणि एकदम काही किलो घेऊन जातो. घरी नव्हे, प्रयोगशाळेत. तिथं मासे साफ करतात, वाळवतात, भट्टीत घालून त्यांची राख करतात. मग ती राख शिशाच्या जाड पेटीत ठेवून यंत्र तिच्यातले फुटणारे अणू मोजत राहतं, कधी कधी सबंध रात्रभर. त्याच टोपलीतले बाकीचे मासे तोवर बर्फात घालून गाडीत चढलेले असतात. काही दादरला उतरतात, काही पुढे दिल्लीला जातात.